घरचें मैदान आणि घरचीं माणसें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त फुटबॉल-संघाच्या चालकांच्या वतीनें दिलेलें व्याख्यान)



ह्या महोत्सवांत देवळाच्या इतिहासावर, शाळेच्या कार्यावर आणि गायनमंडळाच्या सेवेवर विद्वान वक्त्यांचीं भाषणें झालीं. त्यांच्या पंक्तीस फुटबॉलसारखा विषय बसविणें कित्येकांस धाडसाचें वाटेल. तथापि महोत्सव-मंडळानें आम्हां संघचालकांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही नेमून दिला. आपल्या संघाच्या घरच्या सामन्यांस लोक अधिक संख्येनें कसे येतील, हा तो विषय. ही आज्ञा आम्हीं आनंदानें मान्य केली. कारण हा प्रश्न आम्हांस गेलीं कित्येक वर्षें टोंचत आहे.

प्रथम आमची स्थिति आहे तशी सांगतों. गेल्या हंगामांतील शेवटच्या घरच्या सामन्यास आम्हीं प्रेक्षक मोजले. मैदानावर दोन्ही संघांचे मिळून बावीस खेळगडी होते. कडेला उभे असलेले लोक त्यांहून थोडेच अधिक भरले, आणि त्यांतील निम्मे तर पाहुण्या संघाबरोबर आलेले होते. उत्तरार्धांत आपल्या एका सोळा वर्षांच्या मुलानें सुरेख गोल केला. गोल होतांच त्यानें वळून देवळाकडच्या कडेकडे पाहिलें. तेथें त्याच्या घरचें कोणी नव्हतें, आळींतलेंही कोणी नव्हतें. मान खालीं घालून तो मध्यरेषेकडे परतला. सामना आपण जिंकला. परंतु त्या मुलाची ती खालीं गेलेली मान आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

दुसरी गोष्टही उघड बोललेली बरी. हें मैदान नेहमीं ओस दिसतें, तर त्याचा कांहीं दुसरा उपयोग करावा, अशी सूचना धर्मग्रामाच्या सभेंत दोन वेळां येऊन गेली आहे. सूचना करणारांस आम्ही दोष देत नाहीं. भरलेल्या मैदानाविषयीं अशी सूचना कोणी केली नसती. म्हणून आजचा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं. माणसें आलीं नाहींत तर मैदान राहणार नाहीं, आणि मैदान गेलें तर आपलीं मुलें खेळतील कोठें?

हंगाम संपल्यावर आम्ही आळोआळीं हिंडलों आणि लोकांस न येण्याचें कारण विचारलें. संघ चांगला खेळत नाहीं, किंवा याहून मोठे सामने दूरचित्रवाणीवर घरबसल्या दिसतात, असें लोक म्हणतील अशी आमची अपेक्षा होती. कांहींनीं तसें म्हटलेंही. परंतु बहुतेकांच्या उत्तरानें आम्हांसच खालीं पाहावें लागलें. ते म्हणाले, "सामना केव्हां होता, हें आम्हांला कोणी सांगितलेंच नाहीं."

बंधुभगिनींनो, लग्नाचें आवतण न देतां पंगत रिकामी राहिली म्हणून रागावणाऱ्या यजमानासारखी आमची गत झाली होती. आवतणाचें सामर्थ्य केवढें असतें, ह्याचें एक उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. १ जून २०१८ रोजीं मुंबईस अंधेरीच्या मैदानावर भारताच्या संघानें चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला. एवढा मोठा विजय, परंतु पाहावयास आलेले लोक अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशीं संघाचा कर्णधार सुनील छेत्री ह्यानें चित्रफितीच्या द्वारें देशबांधवांस हांक घातली. टीका करावयाची असेल तर ती करा, परंतु मैदानावर येऊन करा, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या सामन्याचीं सारीं तिकिटें खपलीं, पाऊस असतांही लोक आले, आणि छेत्रीनें त्यांच्या डोळ्यांसमोर दोन गोल केले. तीन दिवसांत संघ बदलला नव्हता, मैदानही बदललें नव्हतें. कर्णधारानें मानापमान बाजूस ठेवून लोकांस बोलाविलें, एवढाच काय तो फरक.

मात्र एका हांकेनें मैदान एकदां भरतें. तें दरवेळीं भरावें ह्यासाठीं आणखी कांहीं लागतें. तें काय, ह्याचा शोध घेण्याकरितां आम्हीं दूरच्या कांहीं क्लबांचा इतिहास वाचला. त्यांतील जे धर्मग्रामाच्या किंवा देवळाच्या आश्रयानें जन्मले, किंवा त्याच्याशीं भांडून जन्मले, त्यांच्याकडे आमचें लक्ष विशेष गेलें.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या पूर्व भागांत आयर्लंडहून आलेलीं गरीब कॅथलिक कुटुंबें राहत असत. तेथें मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड हे शिक्षक होते. उपाशी मुलांस जेवण मिळावें म्हणून पैसा उभा करावा, ह्या हेतूनें नोव्हेंबर १८८७ मध्यें सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहांत सेल्टिक क्लबाची स्थापना झाली. पहिलें मैदान स्वयंसेवकांनीं आपल्या हातांनीं तयार केलें. २८ मे १८८८ रोजीं तेथें क्लबाचा पहिला सामना झाला व सेल्टिकनें रेंजर्स संघास ५-२ असें हरविलें. त्या सायंकाळीं लोक घरांतून निघाले तेव्हां सेल्टिकच्या नांवावर एकही विजय नव्हता. ते आले, कारण त्यांच्याच मुलांच्या ताटासाठीं तो खेळ होता आणि त्यांच्याच हातांनीं तें मैदान सपाट केलें होतें. पुढें १९६७ सालीं ह्याच क्लबानें युरोपचा चषक जिंकला, आणि त्या दिवशींचे अकराही खेळगडी ग्लासगोच्या तीस मैलांच्या आंत जन्मलेले होते. १९९४ सालीं क्लब दिवाळखोरीच्या काठावर उभा राहिला. नव्या चालकांनीं तो सांवरला व क्लबाचे भाग विक्रीस काढले, तेव्हां हजारों पाठीराख्यांनीं ते विकत घेतले. आज त्याच्या मैदानांत सुमारें ६०,००० माणसें बसतात.

ह्यावरून एक समजूत खोटी ठरते. "आधीं जिंकूं लागा, मग आम्ही येऊं," असें पुष्कळ सज्जन आम्हांस सांगतात. विजय हा गोड खाऊ आहे खरा, परंतु खाऊसाठीं जमलेलीं मुलें खाऊ संपतांच पांगतात. ज्याचा हात लागला, घाम गळला आणि पैसा पडला, तो पराजयाच्या दिवशींही येतो. बर्लिन शहराच्या पूर्वेकडील कोपेनिक भागांत युनियन नांवाचा क्लब आहे. २००८ सालीं त्याचें मैदान जुनें व मोडकळीस आलेलें होतें, दुरुस्तीस पैसा नव्हता, आणि संघ तिसऱ्या वर्गांत खेळत होता. तेव्हां दोन हजारांहून अधिक पाठीराख्यांनीं फावडीं हातांत घेतलीं. कोणी गवंडी होता, कोणी विद्यार्थी, कोणी पेन्शनर. त्यांनीं सर्वांनीं मिळून सुमारें १,४०,००० तास विनामूल्य श्रम केले आणि मैदान पुन्हां उभें राहिलें. २०१९ सालीं तोच क्लब जर्मनीच्या पहिल्या वर्गांत चढला. विजय आला, परंतु तो माणसांच्या मागून आला.

ह्याच युनियनची आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांस विशेष गोड वाटेल. २००३ सालीं संघाची दशा वाईट होती. तेव्हां नाताळाच्या तोंडावर ८९ पाठीराखे रात्रीं मैदानांत शिरले आणि मनाच्या समाधानासाठीं नाताळगीतें गाऊं लागले. पुढें दरवर्षीं २३ डिसेंबरला हा परिपाठ पडला. आतां हातांत मेणबत्त्या घेऊन सुमारें २८,००० माणसें त्या रात्रीं तेथें गातात, आणि एक पाळक ख्रिस्तजन्माची कथा वाचतो. सामन्याच्या नव्वद मिनिटांपुरतेंच ज्याचें दार उघडतें तें मैदान परकें राहतें. ज्या मैदानावर माणूस इतर दिवशींही येऊन बसतो, तें त्याचें होतें, हें त्या लोकांनीं ओळखलें.

आतां एक उलट उदाहरण सांगतों, आणि तें पूज्य फादरांची क्षमा मागून सांगतों. जर्मनीतील डॉर्टमुंड शहरांत ट्रिनिटी देवळाच्या तरुणमंडळांतील मुलांस फुटबॉलचें वेड लागलें होतें. तेथील उपधर्मगुरू ह्यूबर्ट डेवाल्ड ह्यांस तो खेळ रांगडा व अनुचित वाटे. ते विरोध करीत राहिले. शेवटीं १९ डिसेंबर १९०९ रोजीं, आगमनकालाच्या एका रविवारीं, कांहीं तरुणांनीं एका खानावळीच्या माडीवर जमून निराळा क्लब काढला. तोच आजचा बोरुसिया डॉर्टमुंड. उपधर्मगुरूंचा हेतु वाईट नव्हता. मुलांच्या आत्म्याचीच त्यांस चिंता होती. परंतु देऊळ किंवा चेंडू असा पेंच मुलांपुढें पडला, आणि मुलें खानावळींत गेलीं. आपल्याकडे असा विरोध नाहीं, उलट फादरांचा आशीर्वाद आहे. तथापि पेंच दुसऱ्या रीतीनें आम्हीं चालकांनींच पाडला. गेल्या हंगामांत आम्हीं एक सामना धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या वेळीं ठेवला, आणि एक तर नोव्हेनाच्या सायंकाळीं. आईबापांनीं मुलांस कोठें पाठवावें? चूक आमची होती, ती आम्हीं पदरांत घेतली आहे.

त्याच डॉर्टमुंडकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. त्याच्या मैदानांत ८१,००० हून अधिक माणसें मावतात, आणि दक्षिणेकडील एकाच सज्ज्यांत सुमारें २५,००० लोक उभे राहतात. त्या उभ्या जागांचे दर क्लबानें मुद्दाम हलके ठेवले आहेत, जेणेंकरून कामकरी माणूस व शिकणारा मुलगा दोघांसही येतां यावें. धनिकास महाग आसन विकावें, परंतु आवाज देणाऱ्यास दाराबाहेर ठेवूं नये, हें त्यांतील शहाणपण आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही ह्या खेळास लोक लोटतात असें एक शहर आहे, तें कोल्हापूर. तेथें पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नांवांनीं संघ खेळतात, आणि शाहू स्टेडियमवर हजारों लोक जमतात. तेथील प्रेक्षक कोणा कंपनीचा संघ पाहावयास जात नाहीं. आपली पेठ, आपली तालीम खेळते म्हणून जातो. पोरगा मैदानावर उतरला कीं सारी गल्ली त्याच्या मागें उतरते. त्या ईर्षेचा कधीं कधीं अतिरेक होतो, तेवढा आपण टाळावा. परंतु आपलेपणाचें तें मूळ मात्र आपल्या मातींत लावण्याजोगें आहे. आपल्याकडे पेठा नसल्या तरी आळ्या आहेत.

आणि आतां शेवटची गोष्ट, जी वाचून आम्हांस झोंप आली नाहीं. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स. तेथें १९०८ च्या सुमारास कांहीं मुलें रस्त्यावर चेंडू खेळत, आणि ट्रामगाड्यांची भीति असे. लोरेन्झो मास्सा नांवाच्या सॅलेशियन फादरांनीं तें पाहून त्यांस आपल्या संस्थेचें अंगण खेळावयास दिलें. रविवारीं मिस्सास यावें, एवढीच अट. त्या मुलांचा क्लब पुढें सान लोरेन्झो ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. २०२५ सालीं देवाघरीं गेलेले पोप फ्रान्सिस हे लहानपणापासून ह्याच क्लबाचे पाठीराखे होते. क्लबाचें मोठें मैदान बोएदो ह्या भागांत होतें. १९७९ सालीं लष्करी राजवटींत क्लबास तें सोडावें लागलें, आणि पुढें त्या जागीं एक मोठें परदेशी बाजारगृह उभें राहिलें. १९८१ सालीं संघ दुसऱ्या वर्गांत उतरला. स्वतःचें मैदान नाहीं, वर्ग खालचा. अशा क्लबाचा अंत जवळ आला असें कोणासही वाटलें असतें. परंतु १९८२ सालीं उसन्या मैदानांवर झालेल्या त्याच्या सामन्यांस पहिल्या वर्गांतील संघांसही हेवा वाटावा अशी गर्दी लोटली, आणि संघ एका वर्षांत वर आला. बोएदोच्या लोकांनीं ती जागा मनांतून सोडली नाहीं. त्यांनीं मिरवणुका काढल्या, चौरस मीटरामागून चौरस मीटर विकत घेण्यासाठीं वर्गणी जमविली. २०१२ सालीं शहराच्या विधिमंडळानें त्यांच्या बाजूनें कायदा केला, आणि २०१९ सालीं जागा क्लबाच्या ताब्यांत परत आली.

बंधुभगिनींनो, गेलेलें मैदान परत मिळविण्यास त्या लोकांस चाळीस वर्षें लागलीं. आपलें मैदान अजून गेलेलें नाहीं. तें राखण्यास चाळीस वर्षांचा लढा नको. महिन्यांतून एका सायंकाळीं घरून निघून येणें पुरे आहे.

म्हणून आम्हीं चालकांनीं जें ठरविलें आहे तें आपल्यापुढें ठेवतों.

घरचा सामना यापुढें ठरलेल्या दिवशीं व ठरलेल्या वेळीं होईल. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं, सायंकाळीं साडेचार वाजतां. धर्मशिक्षण त्यापूर्वीं आटोपलेलें असेल. प्रार्थनेचा किंवा सणाचा दिवस आड आल्यास सामना पुढें जाईल, प्रार्थना नव्हे. युरोपांतील बहुतेक सामने आपल्याकडे सायंकाळनंतर दिसतात. तेव्हां आधीं आपला पाहावा, मग त्यांचा.

प्रत्येक सामन्याचें यजमानपद पाळीपाळीनें एकेका आळीकडे राहील. रेषा आंखणें, बांकें मांडणें, पाणी भरणें, पाहुण्या संघास चहा देणें आणि सामना संपल्यावर कचरा उचलणें, हीं कामें त्या आळीचीं. कामास आलेला माणूस बरोबर आपलें घर घेऊन येतो, हें आपण देवळाच्या सणांत दरवर्षीं पाहतों.

सामन्यापूर्वींच्या आठवड्यांत खेळगडी स्वतः घरोघर जाऊन आवतण देतील. भ्रमणध्वनीवरील निरोप पुष्कळांस पोंचतो आणि थोड्यांस हलवितो; दारांत उभ्या राहिलेल्या मुलास नाहीं म्हणणें कठीण असतें. शाळेंतील लहान मुलें खेळगड्यांचा हात धरून मैदानावर उतरतील. ज्याचें मूल मैदानावर उतरलें, ते आईबाप घरीं बसून राहणार नाहींत.

स्त्रियांसाठीं व वृद्धांसाठीं देवळाकडील सांवलीची बाजू राखून ठेवली जाईल, आणि शाळेचीं स्वच्छतागृहें उघडीं राहतील. ह्या दोन साध्या सोयींच्या अभावीं आपण आजवर अर्ध्या गांवास न बोलतां परत पाठवीत होतों. शिवीगाळ करणारास, मग तो कितीही जुना पाठीराखा असो, कडेवरून उठविलें जाईल. पंचाचा निर्णय चुकला तर तोही आपल्यासारखाच माणूस आहे, हें ध्यानांत ठेवावें.

सामन्यास तिकीट नाहीं व राहणारही नाहीं. मात्र प्रत्येक कुटुंबानें वर्षाची लहानशी वर्गणी द्यावी अशी आमची विनंति आहे. ज्यास ती जड असेल त्यानें एका सायंकाळचें काम द्यावें. आमच्या वहींत दोन्ही सारख्याच शाईनें लिहिलीं जातील. त्याच वहींत दर सामन्यास किती माणसें आलीं हेंही मोजून लिहूं, आणि वर्षाच्या शेवटीं आंकडा धर्मग्रामाच्या सभेंत वाचून दाखवूं. तो लहान असला तरी लपविणार नाहीं. मैदानाच्या दुसऱ्या उपयोगाची सूचना पुन्हां आली, तर आमचें उत्तर तीच वही देईल.

आपलें कर्तव्य आम्ही करूं. आपणांपाशीं एकच मागणें आहे. येत्या दुसऱ्या रविवारीं साडेचार वाजतां या. खेळ समजत नसला तरी या. शेजारचा समजावून सांगेल. संघ हरणार असें वाटत असलें तरी या. तो सोळा वर्षांचा मुलगा त्या दिवशींही खेळणार आहे. गोल होवो वा न होवो, त्यानें वळून देवळाकडच्या कडेकडे पाहिलें, तर ह्या वेळीं तेथें कोणीतरी आपलें असावें.